बन्सीकाकांची गाडी भर मे महिन्यात गारठते

माझ्या गॅरेजवर येणारी माणसं दोन प्रकारची असतात. काही विचारतात, "मालक कुठंयत?" बाकीची विचारतात, "मिस्त्री जेवायला गेले का?" मालक मीच, मिस्त्री मीच, आणि जेवायला मला वेळ मिळत नाही, हे मी गारखेड्यात सात वर्षं सांगत आले आहे. आता सांगणं सोडलंय. नुसती पान्याकडं बघते.

बन्सीकाका यातल्या कुठल्याच प्रकारात बसले नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी गाडी लावली, आत आले आणि म्हणाले, "जय भीम, मेघाताई. तुमचं सर्टिफिकेट बघू." डिप्लोमाचं सर्टिफिकेट भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारीच टांगलेलं आहे. त्यांनी खिशातून चष्मा काढला, सही-शिक्क्यापर्यंत सगळं वाचलं आणि म्हणाले, "ओके. बोनट उघडा." तेव्हापासून हा माणूस मला आवडतो, आणि तेव्हापासूनच त्यानं माझं डोकं खाल्लं आहे.

बन्सी तुपे हे वाळूजच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्टर होते. भट्टीतून निघालेला लोखंडी माल तपासायचा आणि त्यावर ओके, रिवर्क किंवा रिजेक्ट असा शिक्का मारायचा, एवढंच काम. रिटायर झाल्यावर शिक्के कंपनीत राहिले, पण हाताची सवय गेली नाही. भाजीत मीठ कमी असलं की रिवर्क. भाच्याची दाढी रिजेक्ट. एका लग्नात तर ते मांडवाच्या खांबांवर हात फिरवत हिंडत होते आणि मुलीचा बाप घाबरून त्यांच्या मागं मागं. आयुष्यात एकच गोष्ट आपण न तपासता ओके केली, असं ते सांगत. ती म्हणजे चतुराबाई, त्यांची बायको. तिच्याबद्दल छत्तीस वर्षांत एकही तक्रार आली नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली.

तिच्या तेराव्याला त्यांचा मुलगा इंद्रजीत म्हणाला, "पप्पा, आता पुण्याला चला." काका त्याला म्हणाले, "गाडी चालती तवर मी इथं. गाडी बसली की तुझ्याकडं." भावकीतल्या चाळीस माणसांसमोर म्हणाले. आणि हा माणूस एकदा बोलला की बोलला, हे त्या चाळीसही जणांना पक्कं माहीत होतं.

गाडी म्हणजे सोळा वर्षांची पांढरी, छोटी, पेट्रोलवाली. कागदावर पाच माणसांची. फुलंब्रीकडची सगळी भावकी तिच्यावर चालते. कुणाचा मोतीबिंदू, कुणाचं बारसं, कुणाची ज्वारीची पोती, सगळं तीच वाहते. त्या गाडीत दोन पोरं जन्मता जन्मता राहिली आहेत आणि एक जन्मलंच आहे. सीटचा वास मी कधी खोलात जाऊन तपासलेला नाही.

मे महिन्यातल्या एका बुधवारी जालना रोडवर, आकाशवाणी चौकाच्या जरा पुढं, गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. आता हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला घसा कोरडा करून सांगते: लाल दिवा लागला तर जागच्या जागी थांबायचं, पिवळा लागला आणि गाडी नीट चालत असेल तर सवडीनं दाखवायला आणायचं. गाडी चांगली चालत होती. पण काकांनी ती बाजूला घेतली, बंद केली आणि म्हणाले, "रिजेक्ट माल लाईनवर चालवत नसतात."

मग ती चालती गाडी अडीच किलोमीटर ढकलत माझ्याकडं आणली. ढकलायला काका, त्यांचा भाचा विश्वजीत आणि रस्त्यात भेटलेला एक रिकामा रिक्षावाला. आत स्टेअरिंगवर काकांच्या थोरल्या बहिणीला, कडूबाईंना बसवलं होतं. कारण डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झाल्यामुळं त्यांना उन्हात चालायला डॉक्टरनं मनाई केली होती. एका डोळ्याला हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं रस्ता. बाहेर बेचाळीस डिग्री.

"काका," मी म्हणाले, "ही चालवत का नाही आणली?"

"दिवा लागलाय, मेघाताई."

"मग लागू द्या की! आजी, तुम्ही तरी?"

"मला काय कळतंय बाई," कडूबाई म्हणाल्या. "पर चालवायला सोपी हाय."

एव्हाना विश्वजीतनं घात केलाच होता. विश्वजीत हा कडूबाईंचा मुलगा, वय बत्तीस, मोबाईलवर व्हिडिओ बघून त्याला सगळ्या विषयांतलं ज्ञान झालेलं आहे. त्यानं ढकलता ढकलता एका हातानं इंद्रजीतला पुण्याला फोन लावला आणि सांगितलं, "भाऊ, इंजिनाचं निघालंय. आता लई दिवस नाय तिचे." इंद्रजीतनं दुपारपर्यंत गाडीला गिऱ्हाईक बघितलं. रविवारी येतो म्हणाला. गाडी देऊन टाकू, पप्पांना घेऊन जातो. म्हणजे माझ्या हातात चार दिवस होते आणि काकांच्याही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कॅनर लावला. हे यंत्र गाडीच्या कॉम्प्युटरला विचारतं की बाबा, तुझं दुखतं कुठं. कॉम्प्युटरनं उत्तर दिलं: इंजिनाच्या पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर. मी तापमान उघडून बघितलं. इंजिन चालू, बाहेर बेचाळीस, बोनट तव्यासारखं तापलेलं, आणि स्क्रीनवर आकडा होता वजा चाळीस.

मी हसले. सेन्सर आतून तुटला की कॉम्प्युटरला काहीच कळत नाही, आणि मग तो धरून चालतो की बर्फाच्याही खाली चाळीस. मग गाडीला वाटतं आपण गारठलोय. ती भसाभस पेट्रोल पिते. आणि कॉम्प्युटरला शंका असतेच, म्हणून इंजिनाचा पंखा तो सारखा फिरवत ठेवतो. इंजिन धडधाकट. बोटाएवढा सेन्सर बदलला की खेळ खलास. हे सगळं मी काकांना नीट सांगितलं.

काकांनी चष्मा लावून स्क्रीनकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "वजा चाळीस हाय."

"काका, हात लावून बघा बोनटला."

"हाताचं काय घेऊन बसलात. हात काय मीटर हाय का? आकडा हाय समोर."

माझा पारा चढला. मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरात वजा चाळीस कसं असेल, हे मी एका एकतीस वर्षं भट्टीसमोर उभं राहिलेल्या माणसाला समजावत होते. आणि मागं विश्वजीत फोनवर कुणाला तरी सांगत होता, "थंडी भरलीय तिला. वजा चाळीस."

दुपारी तीन वाजता पहिला पाहुणा आला.

आमच्याकडं कुणी आजारी पडलं की भेटायला जावंच लागतं. नाही गेलं तर पुढची पंधरा वर्षं ऐकून घ्यावं लागतं. रिकाम्या हातानं जायचं नसतं. गेल्यावर आजाऱ्याकडून सगळं पहिल्यापासून वदवून घ्यायचं, मग असाच आजार कुणाला तरी झाला होता आणि तो कसा वाचला नाही हे तपशिलानं सांगायचं, चहा घ्यायचा आणि उठताना म्हणायचं, काळजी करू नका. माणसांच्या बाबतीत हे मला मान्य आहे. पण माझ्या गॅरेजमध्ये लोक गाडीला भेटायला आले. ज्याला ज्याला त्या गाडीनं दवाखान्यात नेलं होतं, तो तो आला. शहाळी आणली, बिस्किटांचे पुडे आणले, एकानं सफरचंदं आणली. बोनटवर हात ठेवून चुकचुकले, चटका बसला म्हणून हात मागं घेतला आणि तरीही म्हणाले, "लई गार पडलीय."

काका स्टुलावर बसून प्रत्येकाला सांगत होते. "बुधवारी अकराच्या सुमाराला, आकाशवाणीच्या पुढं..." प्रत्येकाला, पहिल्यापासून. एक म्हातारे गृहस्थ वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "पोरी, खरं सांग. किती दिवस?"

चार वाजता कडूबाईंनी गावाकडनं मागवलेली गोधडी आली. स्वतःच्या हातानं शिवलेली, चौकोनी ठिगळांची. त्यांनी ती बोनटवर पांघरली आणि कडेनं खोचली. मी गोधडी काढली. त्यांनी परत घातली. मग मी गाडीच्या कडेला बसून शहाळं प्यायले, कारण मला दुसरं काही सुचेना.

शुक्रवारी मी ठरवलं की याला पुराव्यानंच हाणायचं. सेन्सरची वायर काढली आणि तिची दोन टोकं तारेच्या तुकड्यानं जोडली. वायर आणि कॉम्प्युटर ठीक असतील तर आकडा एकदम वर जायला पाहिजे. गेला. वजा चाळीसवरून सरळ एकशे चाळीस.

"बघितलं?" मी ओरडले. "म्हणजे वायर चांगली, कॉम्प्युटर चांगला. सेन्सरच गेलाय!"

हे पटवून द्यायची ही सगळ्यात वाईट पद्धत होती, हे मला लगेच कळलं. पाहुण्यांत कुजबुज झाली. काल गारठलेली, आज फणफणली. कडूबाईंनी गोधडी काढली, टॉवेल भिजवला आणि बोनटवर ओल्या पट्ट्या ठेवायला सुरुवात केली. पट्ट्या ठेवल्या की वाफ निघायची आणि वाफ बघून सगळे आणखी हळहळायचे. कुणीतरी मीठ-मिरच्या ओवाळून जाळायला निघालं होतं. पेट्रोलचा वास सुटलेल्या गॅरेजमध्ये! मी हातातला पाना असा काही आपटला की पाहुणे रस्त्यापर्यंत मागं हटले.

ते पांगल्यावर मी काकांजवळ बसले. म्हणाले, "ऐका. मी आत्ता यंत्रावरून नोंद पुसते. दिवा जाईल. परत लागेल, पण रविवारपर्यंत कळणार नाही कुणाला. इंद्रजीत येईल, बघेल, जाईल. सेन्सर तुम्हाला पटल्यावर सोमवारी बसवू."

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "एकतीस वर्षांत न तपासता एक पीस पुढं नाय सोडला. आता सोता अडकलो म्हून सोडू?"

"अहो, मी तपासलंय ना!"

"तुमी तपासलं. मी नाय बघितलं. आन मला त्यो सेन्सर खराब निघायलाच पायजे, मेघाताई. लई पायजे. म्हून तर मला माझाच भरोसा नाय. मला पुण्याला जायचं नाय. तिथं मला कोन वळखतंय? आसल्या माणसानं ओके मारला तर त्याला काय आर्थ हाय?"

मला रडू आलं. म्हणून मी त्यांच्यावर खेकसले, की जा घरी, उद्या सकाळी दहाला या आणि येताना तुमच्या भरवशाचा एक थर्मामीटर घेऊन या.

शनिवारी ते कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याकडून काचेचा थर्मामीटर घेऊन आले. सोबत वही, आखणी केलेली. मी नवा सेन्सर आणला होता आणि जुना काढून धुऊन ठेवला होता. पद्धत सोपी: दोन्ही सेन्सर पाण्यात धरायचे, पाणी गार-गरम करायचं आणि मल्टीमीटरवर त्यांचा रेझिस्टन्स बघायचा. पाणी तापेल तसा आकडा उतरला पाहिजे.

पातेल्यात बर्फ टाकून सुरुवात केली. नव्यावर आकडा सहा हजाराच्या आसपास. जुन्यावर काहीच नाही, मीटर गप्प. काकांनी लिहिलं. साध्या पाण्यात नवा हजाराच्या जरा वर. जुना गप्प. काकांनी लिहिलं. मग पातेलं स्टोव्हवर चढवलं आणि पाणी उकळायला लागलं तसा नव्याचा आकडा भराभर उतरत दोनशेच्या खाली गेला. जुना गप्पच.

"परत," काका म्हणाले.

"काय परत?"

"एका रिडिंगवर लॉट पास करत नसतात. पाच येळा."

पाच वेळा बर्फ, पाच वेळा उकळी. भोवती कोंडाळं करून पंधरा-वीस माणसं उभी. दर वेळी नव्याचा आकडा उतरला की सगळे "आं" म्हणायचे आणि जुन्याकडं बघून मान हलवायचे. चौथ्या फेरीत कडूबाईंना वाटलं, एवढं पाणी उकळतंय तर वाया कशाला घालवायचं. त्यांनी त्यात चहापत्ती आणि साखर टाकली. मला कळेपर्यंत विश्वजीतनं कप भरून तोंडापर्यंत आणला होता. इंजिनातून निघालेला सेन्सर चार वेळा बुडवलेलं ते पाणी! मी त्याच्या हातावर चापट मारली. कप फुटला. "चहाची पन चोरी झाली का आता?" तो म्हणाला. पाचवी फेरी काकांनी पातेलं घासून, नवं पाणी घेऊन, परत पहिल्यापासून करायला लावली.

शेवटी त्यांनी वहीत रेघ मारली. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मेघाताई," ते म्हणाले, "इंजिन ओके. सेन्सर रिजेक्ट." आणि त्यांनी खाली तारीख टाकून सही केली. त्यांना इतकं खूश मी कधी बघितलं नव्हतं. मी नवा सेन्सर बसवला, पाणी भरलं, नोंद पुसली, गाडी चालू केली. दिवा लागला नाही. पंखाही गप्प राहिला. तीन दिवस गाडी चालू केली की घोंघावणारा तो आवाज बंद झाल्यावर गॅरेजमध्ये एकदम मोकळं वाटलं.

रविवारी इंद्रजीत आला. चांगला मुलगा आहे, बँकेत आहे, उन्हानं लाल झाला होता. गिऱ्हाईक सिडकोत थांबलंय म्हणाला. काकांनी त्याच्या हातात वही दिली.

"निकाल माझ्या बाजूनं लागलाय," ते म्हणाले. "म्हून तू सोता तपास. माझ्यावर इसवास ठिवू नको."

इंद्रजीतनं वहीची पानं उलटली. बर्फ, उकळी, बर्फ, उकळी. त्याला काय कळलं देव जाणे. "चला, चालवून बघू," तो म्हणाला.

एवढं म्हणायचा अवकाश. पाहुणे गाडी बरी झाली म्हणून पेढे घेऊन आलेच होते. काका चालवायला बसले. शेजारी कडूबाई बसल्या, त्यांच्या मांडीवर कुणाचं तरी पोर. मागं विश्वजीत घुसला, त्याच्या मागोमाग ते "किती दिवस" विचारणारे म्हातारे, मग तीन बाया, मग सफरचंदवाले. कुणी आत ओढलं, कुणी सरकलं, कुणी ओरडलं, दार दोनदा आपटून लागलं. आणि नऊ जणांना घेऊन गाडी खुशाल निघून गेली.

इंद्रजीत रस्त्यावरच राहिला. दाराच्या कडीला धरायला पुढं केलेला हात तसाच होता.

मी त्याला स्टूल दिलं. तो बसला नाही.

"ताई," थोड्या वेळानं तो म्हणाला, "मी रोज फोनवर विचारतो, एकटं वाटत नाय ना? ते म्हणतात, एकटं व्हायला सवड कुठंय. मला वाटायचं, माझ्या समाधानासाठी बोलतायत." तो रस्त्याच्या टोकाकडं बघत राहिला. "तिकडं त्यांच्यासाठी खोली केलीय मी. कपाट, पलंग, सगळं नवीन. पण आम्ही दोघं सकाळी आठला निघतो ते रात्रीच येतो. शेजारच्या दारावर कुणाचं नाव आहे, तेसुद्धा मला माहीत नाय."

मग त्यानं फोन काढला आणि सिडकोतल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, गाडी विकायची नाही. तिकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, नाही, एकदम चांगली आहे," तो म्हणाला. "म्हणूनच."

फोन ठेवला आणि अगदी हळू, माझ्याकडं न बघता म्हणाला, "मला पण बसायचं होतं हो तिच्यात."

मी काकांना फोन लावला. मागं नऊ जणांचा गलका, कुणीतरी गाणं म्हणत होतं. "काका," मी ओरडले, "तुमचा मुलगा इथंच राहिला!"

गलका थांबला. गाडी थांबल्याचाही आवाज आला. मग काका म्हणाले, "थांब म्हनावं त्याला तिथंच. एकाला उतरवतो."

सात-आठ मिनिटांत गाडी आली. विश्वजीत तिच्यात नव्हता. कडूबाई मागं सरकून बसल्या होत्या. काकांनी हात लांब करून आतून पुढचं दार उघडलं.

"बस," ते म्हणाले.

इंद्रजीत बसला.